सभाधीट व्हायचंय? मग आधी आभार प्रदर्शन मागून घ्या

कार्यक्रमाची रूपरेषा ठरवायला चार माणसं बसली की दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ हे सगळं पाच मिनिटांत ठरतं. मग कोणीतरी विचारतं, "प्रास्ताविक कोण करणार? आणि आभार?" लगेच एकाला फोन येतो, दुसऱ्याला आपला घसा बसल्याचं आठवतं. शेवटी दोन्ही कामं दरवर्षीच्याच माणसाच्या गळ्यात पडतात आणि पुढे त्याच माणसाला सगळे 'चांगला बोलतो' म्हणतात. बाकीच्यांनी टाळलेली कामं तो दहा वर्षं करत आलाय, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. चांगलं बोलणं ऐकायची सवय आपल्याकडे इतकी जुनी आहे. तिचा एक तोटाही होतो. आपण स्वतःला थेट गाजलेल्या वक्त्यांशेजारी उभं करतो आणि तोंड मिटून बसतो. या लेखात फर्ड्या वक्तृत्वाचा विचार नाही. सोसायटीची सभा, निरोप समारंभ, गणपती मंडळाचा कार्यक्रम, ग्रामसभा, ऑफिसातली बैठक अशा ठिकाणी तीन ते पाच मिनिटं न अडखळता, ऐकणाऱ्याला कळेल असं बोलता यावं, एवढंच इथे धरलं आहे.

नाव पुकारल्यावर अंगात काय होतं

सूत्रसंचालकाने नाव घेतलं की शरीर संकट आल्यासारखं वागायला लागतं. ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात आणि थरथरतात. लाळ कमी सुटते, त्यामुळे जीभ टाळूला चिकटते. श्वास पोटातून वर छातीत येतो आणि आखूड होतो, म्हणून वाक्याच्या शेवटी आवाज विरतो किंवा चिरका होतो. यातलं काहीही तुमच्या दुबळेपणाचं लक्षण नाही. स्पर्धेआधी धावपटूच्या अंगातही साधारण हेच होत असतं.

ही लाट कायम टिकत नाही, ही त्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट. बोलायला उभं राहण्याच्या जरा आधी आणि पहिल्या मिनिटात ती सर्वांत उंच असते. तुम्ही तिथेच उभे राहून बोलत राहिलात तर ती आपोआप उतरते. पहिल्या मिनिटातच "बरं, जास्त वेळ घेत नाही" म्हणून खाली उतरणाऱ्याला मात्र उतरणीचा अनुभव कधीच येत नाही. त्याच्या डोक्यात भाषण म्हणजे फक्त ती चढण राहते आणि पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. म्हणून तयारीतला सगळ्यांत जास्त वेळ पहिल्या मिनिटावर खर्च करायचा.

दुसरं म्हणजे तुमची घालमेल तुम्हाला वाटते तितकी समोरच्यांना दिसत नाही. सॅव्हिट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. आपली अस्वस्थता बाहेर फारशी दिसत नाही हे ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस ठरली. पुढची रांग तुमच्या गुडघ्यांकडे बघत नसते, हे लक्षात असू द्या. तिचं अर्धं लक्ष अल्पोपाहाराकडे असतं.

स्वतःला "शांत हो, शांत हो" म्हणून फारसा उपयोग होत नाही. धडधडणाऱ्या शरीराला एकदम शांत करणं अवघड असतं. त्यापेक्षा त्याच धडधडीला "उत्साह आलाय" असं नाव देणं सोपं जातं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही असं नाव देणाऱ्यांची भाषणं जास्त चांगली झाली. श्वासाचा उपायही खात्रीचा आहे. चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर. अशा दहा आवर्तनांना दीड-पावणेदोन मिनिटं लागतात. तुमच्या आधीचा वक्ता बोलत असतानाच ती बसल्याजागी, कोणाला न कळता उरकायची. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते. भराभर खोल श्वास घेतले तर उलटं होतं, गरगरायला लागतं.

खालच्या पायरीपासून

वर्षातून एकदा मोठं भाषण करून भीती जात नाही. आठवड्याला एकदा, थोडंथोडं बोलून जाते. पुढच्या पायऱ्या साधारण तीन-चार महिन्यांत बसवता येतात.

१. पहिले दोन आठवडे कुठेही बैठकीत, वर्गात, पालकसभेत एक प्रश्न विचारायचा. उभं राहून, स्वतःचं नाव सांगून आणि एकाच वाक्यात.

२. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरच्या किंवा मित्रांच्या बैठकीत काहीतरी वाचून दाखवायचं. बातमी चालेल, सोसायटीची नोटीसही चालेल. इथे शब्द दुसऱ्याचे असतात, त्यामुळे फक्त आवाज आणि नजर यांच्याकडे लक्ष देता येतं.

३. त्यानंतर आभार प्रदर्शन. ही पायरी मुद्दाम इथे ठेवली आहे. लोक उठायच्या बेतात असतात, अपेक्षा शून्य असते, मजकूर बहुतेक यादीचाच असतो आणि दोन मिनिटांत सांगून झाल्यावर सगळे खुश असतात. शिकणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा मिळणार नाही.

४. पुढे पाहुण्यांचा परिचय, दीड ते दोन मिनिटं.

५. मग प्रास्ताविक किंवा मनोगत, तीन ते पाच मिनिटं.

६. शेवटी ज्यात विरोध होऊ शकतो अशी जागा. सोसायटीच्या वार्षिक सभेत देखभाल शुल्काबद्दल बोलणं, ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा विषय काढणं. ही पायरी सर्वांत अवघड, कारण इथे मजकुराइतकीच समोरच्या माणसांचीही तयारी लागते.

प्रत्येक पायरीवर दोन-तीनदा उभं राहा. धडधड पूर्ण थांबायची वाट पाहू नका, पहिल्या वेळेपेक्षा कमी झाली की वर चढा. संधी शोधायला लांब जावं लागत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात, ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात, गणपतीचे दहा दिवस आहेत, कोजागिरी आहे, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे. महिलांची वेगळी ग्रामसभा गावच्या ग्रामसभेआधी घेतात. गावात बोलायला सुरुवात करणाऱ्या बाईला तिथे पहिल्यांदा बोलणं बरंच सोपं जातं.

यातलं काहीच हाताशी नसेल तर पाच-सहा जणांचा गट करा. १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स या भाषणसरावाच्या क्लबांच्या तीन सवयी त्यासाठी उचलण्यासारख्या आहेत. एक माणूस घड्याळ धरून बसतो आणि हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतो. पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवं, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. दुसरा माणूस 'अं', 'म्हणजे' असे अडखळशब्द मोजतो. शिवाय प्रत्येकाला आयत्या वेळी एक विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायला लावतात. आठवड्यातून एक तास, कोणाच्या तरी गच्चीवर, मराठीत. क्लबाची वर्गणीसुद्धा लागत नाही.

तीन मिनिटांत काय मावतं

सभेत शांतपणे बोलताना मिनिटाला सुमारे शंभर शब्द धरा. म्हणजे तीन मिनिटांना तीनशे शब्द, हाताने लिहिलेलं जेमतेम दीड पान. त्यात एक मुद्दा मावतो. नवखा माणूस सात मुद्दे घेऊन जातो आणि चौथ्यापाशी घड्याळ बघायला लागतो.

समजा, शाळेच्या ग्रंथपालांचा निरोप समारंभ आहे आणि तुम्हाला मनोगत सांगायचंय. बहुतेकांची सुरुवात अशी होते:

"व्यासपीठावर उपस्थित सर्व मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो, आज या ठिकाणी आपण सर्वजण या ठिकाणी एका अत्यंत हृद्य अशा सोहळ्यासाठी जमलेलो आहोत. सर हे अतिशय मनमिळाऊ, कष्टाळू, प्रामाणिक, हसतमुख असं व्यक्तिमत्त्व आहे..."

यात खोटं काही नाही. पण हीच वाक्यं शिपाईकाकांना, मुख्याध्यापकांना आणि मागच्या वर्षी गेलेल्या बाईंनाही लागू पडतात. श्रोत्यांना ते लगेच कळतं आणि त्यांच्या आपापसात गप्पा सुरू होतात. आता हे बघा:

"सर, सात नंबरच्या कपाटाची किल्ली आता कोणाकडे मागायची? त्या कपाटाचं कुलूप फक्त तुमच्याच हाताने उघडतं. आम्ही तिघांनी प्रयत्न करून पाहिलाय."

लोक हसतात, सर हसतात, आणि तुमची चढण संपते. पुढे एक प्रसंग सांगायचा. दहावीतल्या एका मुलाला परीक्षेच्या महिन्यात पुस्तक नियम मोडून घरी नेऊ दिलं, नोंदवहीत स्वतःच्या नावावर लिहून ठेवलं. एवढंच सांगा. 'मनमिळाऊ' हा शब्द वापरायची गरजच राहत नाही. शेवटचं वाक्य आधीच ठरवून ठेवा, आणि ते किल्लीकडे परत येणारं असेल तर फार छान: "किल्ली घेऊन जा सर, पण अधूनमधून कपाट उघडायला या."

हा सांगाडा आपल्या कीर्तनातही आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचं निरूपण होतं आणि उत्तररंगात तोच विचार आख्यानातून पुढे येतो. एक सूत्र, थोडा उलगडा, एक गोष्ट, मग सूत्राकडे परत. तीन मिनिटांच्या मनोगतालाही हे बेतशीर बसतं. फक्त क्रम उलटा केला, म्हणजे गोष्ट आधी आणि सूत्र नंतर, तर नवख्याला सोपं जातं. गोष्ट सांगताना पुढचं वाक्य आपोआप सुचतं, सूत्र मांडताना ते शोधावं लागतं.

पाहुण्यांच्या परिचयात आणखी एक खड्डा आहे. पाहुण्यांकडून आलेला दोन पानी परिचय जसाच्या तसा वाचला जातो, त्यात १९९८ सालच्या जिल्हास्तरीय पुरस्कारापासून सगळं येतं. त्यातून तीनच गोष्टी घ्या: आज ज्या विषयावर ते बोलणार आहेत त्यातलं त्यांचं काम, ऐकणाऱ्यांशी जुळणारा एखादा धागा (याच तालुक्यातले आहेत, याच शाळेत शिकलेत), आणि नाव. नाव शेवटी. टाळ्या नावावर पडल्या पाहिजेत. आडनावाचा उच्चार कार्यक्रमाआधी खुद्द त्यांनाच विचारून घ्या. हे विचारायला संकोच करणारी माणसं माइकवर चुकीचं नाव घ्यायला संकोच करत नाहीत, याचं नवल वाटतं.

संबोधनात दीड मिनिट घालवू नका

व्यासपीठावरच्या नऊ जणांची नावं सूत्रसंचालकाने घेतलेली असतात, प्रास्ताविकात आलेली असतात, स्वागतातही आलेली असतात. तुम्ही पाचव्या क्रमांकाचे वक्ते असाल तर "अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो" एवढं पुरतं. काही ठिकाणी, विशेषतः गावात, एखाद्याचं नाव राहिलं तर तो विषय चार वर्षं पुरतो. तिथे नावं घ्यावीच लागतात. ती पदासह, बसलेल्या क्रमाने एका कार्डावर लिहून घ्या आणि सरळ वाचा. पाठ म्हणायला जाऊ नका. घाबरलेल्या डोक्यातून सर्वांत आधी विशेषनामं निसटतात. 'श्रीमती', 'सौ.', 'कै.' ही तीन उपपदं दोनदा तपासा. यादीत वर दिवंगत संस्थापकांचं नाव असतं, आणि तोंडातलं 'कैलासवासी' खालच्या जिवंत माणसाला चिकटल्याचे प्रकार घडतात.

'या ठिकाणी'चं करायचं काय

मराठी सभांमधला सर्वांत लोकप्रिय शब्दप्रयोग कोणता, असं विचारलं तर उत्तर 'या ठिकाणी' हेच येईल. त्याच्या मागोमाग 'निश्चितपणे', 'त्या माध्यमातून', 'अशा पद्धतीने', 'काय आहे की', 'ॲक्च्युअली' आणि साधासुधा 'अं'. हे शब्द अर्थासाठी येत नाहीत. पुढचं वाक्य तयार होईपर्यंत तोंड चालू ठेवायला येतात. गप्प राहिलो तर लोकांना वाटेल विसरला, ही त्यामागची भीती.

उपाय म्हणजे तिथे खरंच गप्प राहायचं. दोन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला दहा सेकंदांची वाटते, ऐकणाऱ्याला ती ठामपणा वाटते. घरी असा सराव करा: कुठल्याही विषयावर एक मिनिट बोला आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोंड मिटून नाकाने श्वास घ्या. ओठ मिटलेले असताना 'अं' बाहेर पडायला वाट उरत नाही. रेकॉर्डिंग ऐकून अडखळशब्द मोजा, आकडा कागदावर लिहा. आठवडाभरात तो निम्मा झाला तरी पुष्कळ. शून्यावर आणायचा हट्ट नको. अधूनमधून 'बरं का' म्हणणारा माणूस जवळचा वाटतो.

याच पंगतीतली आणखी तीन वाक्यं कायमची काढून टाका. "मी काही वक्ता नाही", हे लोकांना दोन मिनिटांत कळेलच, आधी सांगू नका. "तयारी करायला वेळ मिळाला नाही", मग आमचा वेळ का घेता? आणि "दोन शब्द बोलून खाली बसतो", ज्यानंतर हमखास वीस मिनिटं होतात.

पुस्तकी मराठीचं ओझं

वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात, मराठवाड्यात कितीतरी माणसं घरी, बाजारात सुंदर बोलतात आणि माइकसमोर गेल्यावर त्यांची भाषा एकदम कागदी होते. 'न' आणि 'ण' चुकेल या धास्तीने वाक्यं आखडतात. डोकं दोन कामं एकदम करत असतं, काय बोलायचं ते शोधायचं आणि ते प्रमाण भाषेत उतरवायचं. अडखळणं बहुतेकदा या दुसऱ्या कामामुळे होतं.

गाडगे महाराज वऱ्हाडी बोलीत कीर्तन करायचे, समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. हजारोंचा समुदाय त्यांना ऐकत बसायचा. तेव्हा तुमच्या बोलीत बोला. फक्त वेग थोडा कमी करा आणि शब्दांचे शेवट खाऊ नका.

लिहून काढलेलं भाषण मोठ्याने वाचलं की कागदी वाक्यं पकडता येतात. 'वृक्षारोपण करण्यात येणार आहे' असं असेल तर 'आपण झाडं लावणार आहोत' करा. 'त्यांच्या मार्गदर्शनाखाली सदर उपक्रम राबविण्यात आला' याचं 'त्यांनी हे करून घेतलं' होतं. एका दमात जे वाक्य संपत नाही त्याची दोन करा. कवितेच्या ओळी आणि शेर एका भाषणात एकच, आणि तोही मुखोद्गत असेल तरच. मध्येच अडलेला शेर सावरणं कोणालाच जमत नाही.

सराव

पाठांतराने भाषण सुरक्षित होतं असं वाटतं, होतं उलटंच. पाठ केलेला मजकूर साखळीसारखा असतो. एक कडी निसटली की पुढची हाताला लागत नाही. शालेय वक्तृत्व स्पर्धांतली मुलं मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात ती यामुळेच. म्हणून शब्दन् शब्द फक्त दोन जागी पाठ करा, पहिली तीन वाक्यं आणि शेवटचं एक. मधलं सगळं मुद्द्यांवर.

मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर लिहा. एका कार्डावर चार-पाच ओळी, ठसठशीत अक्षरात, ओळीत तीन-चार शब्द. कोपऱ्यात क्रमांक आणि भोक पाडून दोरा, म्हणजे खाली पडली तरी क्रम मोडत नाही. मोठा पातळ कागद हाताची थरथर दुप्पट करून दाखवतो आणि माइकजवळ फडफडतो. मोबाइल हातात धरून बोलायचं असेल तर तो 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका आणि स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा. भाषणाच्या मधोमध अंधारलेल्या स्क्रीनवर अंगठा घासणारे वक्ते हल्ली जागोजागी दिसतात.

तीन मिनिटांच्या भाषणाला पाच-सहा तालमी पुरतात, पण उभ्याने आणि मोठ्याने. मनातल्या मनात केलेली तालीम धरू नका, त्यात जीभ कधीच अडत नाही. पहिल्या दोन तालमी कार्ड हातात घेऊन करा, तिसरी रेकॉर्ड करून ऐका, चौथी घड्याळ लावून. पाचवी घरातल्या कोणासमोर, शक्यतो ज्याला विषय माहीत नाही अशा माणसासमोर. शेवटी त्याला एकच प्रश्न विचारा: "काय लक्षात राहिलं?" उत्तर तुमच्या मुद्द्याशी जुळलं नाही तर मजकूर बदला. आरशासमोर बोलायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो फारसा कामाचा नाही. आरशात आपण स्वतःला बघत बसतो, आणि सभेत हीच सवय मोडायची असते.

तालमीत वेळ तीन मिनिटं भरली तर मजकूर अडीच मिनिटांवर आणा. हशा, टाळ्या, माइकची खुडबुड यात उरलेला वेळ जातो.

आवाजासाठी कार्यक्रमाच्या दिवशी दहा मिनिटं द्या. दोन मिनिटं ओठ मिटून गुणगुणायचं, मग 'काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले' आणि 'चटईला टाचणी टोचली' आधी सावकाश, मग वेगात. 'ळ' आणि 'ट' सुटे ऐकू आले पाहिजेत. कोमट पाणी घोटघोट प्या. बोलण्याआधी तासभर कडक चहा टाळा, आधीच थरथरणाऱ्या हाताला चहा आणखी हलवतो.

माइक

आत्मविश्वासाने आलेला माणूस माइकपाशी हास्यास्पद होऊ शकतो, आणि हे पूर्ण टाळता येण्यासारखं आहे. कार्यक्रमाआधी वीस मिनिटं पोहोचा, साउंडवाल्याला भेटा आणि एक वाक्य बोलून बघा. एवढ्याने निम्मं काम होतं.

हातातला माइक हनुवटीच्या पातळीला, तोंडापासून तीन-चार बोटांवर, जरासा तिरका धरा. अगदी सरळ समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' या अक्षरांची हवा जाळीवर आदळून फटफट होते. जाळीला पंजाने आवळू नका, त्याने शिट्टी वाजायची शक्यता वाढते आणि आवाज घोगरा होतो. शिट्टी वाजली की बहुतेक जण माइक खाली करतात आणि तो नेमका स्पीकरकडे वळतो. माइकमध्ये शिरलेला स्पीकरचाच आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो म्हणून शिट्टी वाजते. तेव्हा स्पीकरच्या समोर जाऊ नका, मागे सरका आणि माइक तोंडाजवळ आणा. टकटक करून आणि फुंकर मारून माइक तपासायची पद्धत सोडून द्या. "हॅलो, माइक टेस्टिंग" ऐवजी भाषणाचं पहिलं वाक्यच बोलून बघितलं तर तेवढीच एक तालीम होते.

पोडियमवरचा वाकणारा माइक एक वीत अंतरावर चालतो. तो आधी तुमच्या उंचीला वाकवून घ्या, मगच बोलायला सुरुवात करा. त्यासाठी गेलेले पाच सेकंद कोणी मोजत नाही, उलट तेवढ्यात तुमचा श्वास बसतो. कॉलरचा माइक छातीवर, हनुवटीखाली वीतभर. सत्काराचा हार, शाल, मंगळसूत्र किंवा ओढणी त्याला घासली की सभागृहभर खरखर होते. बोलण्याआधी सत्कार झाला असेल तर शाल आणि हार खुर्चीवर ठेवूनच उभं राहा.

मंगल कार्यालयं आणि पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो. तिथे मोठ्याने बोलून काही होत नाही, घुमणंच वाढतं. वेग कमी करायचा आणि वाक्यांमध्ये जागा सोडायची. लाइट गेली तर जागेवर उभं राहून "आवाज येतोय का?" विचारण्यात अर्थ नाही. चार पावलं पुढे या, शेवटच्या रांगेतल्या एका माणसाकडे बघून बोला. पन्नास-साठ माणसांपर्यंत माइकशिवाय आवाज पोहोचतो.

उभं राहताना पाय खांद्याइतक्या अंतरावर ठेवा, गुडघे ताठ लॉक करू नका. फार वेळ तसं उभं राहिलं की चक्कर येऊ शकते. नजर एका माणसावर एक वाक्यभर, मग दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसावर. सुरुवातीलाच मान हलवणारी दोन-तीन माणसं हेरून ठेवा, प्रत्येक सभेत असतात. बहुधा मागच्या रांगेतल्या मावश्या.

मध्येच अडलं तर

माफी मागू नका. कार्डाकडे बघा, तीन सेकंद घ्या, शेवटचं वाक्य थोडं बदलून पुन्हा म्हणा. त्यातून पुढचा धागा बहुतेकदा हाताला लागतो. नाहीच लागला तर तो मुद्दा सोडून थेट पुढच्या ओळीवर जा. काय राहिलं हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. पोडियमवर पाण्याचा पेला ठेवलेला असेल तर एक घोट म्हणजे पाच सेकंद विचार करायला मिळतात.

प्रश्न आले तर आधी प्रश्न माइकवर पुन्हा सांगा. मागच्यांना तो ऐकू आलेला नसतो, आणि तुम्हालाही वेळ मिळतो. उत्तर माहीत नसेल तर "हे मला बघून सांगावं लागेल" एवढं म्हणा, कोणाला आणि कधीपर्यंत सांगणार तेही म्हणा. ग्रामसभेत किंवा सोसायटीत कोणी आवाज चढवला तर तुमचा आवाज आणि वेग दोन्ही खाली आणा. त्याच्याकडे नव्हे, अध्यक्षांकडे बघून उत्तर द्या. तुमचा मुद्दा आकड्यासह कागदावर असेल, म्हणजे टाकीची तारीख, बिलाची रक्कम, ठरावाचा क्रमांक, तर चढलेल्या आवाजाला फारसं धरायला काही उरत नाही.

भीती याहून मोठी असेल तर

काहींना सभेच्या नुसत्या विचाराने आठवडाभर झोप लागत नाही. कोणी बढती नाकारतं, कोणी तोंडी परीक्षेला जातच नाही, कोणाला श्वास कोंडल्याचे झटके येतात. तिथे वरच्या पायऱ्या एकट्याने चढणं जड जातं. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे यावर चांगले उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. स्टेजवर जाण्याआधी हृदयाची गती कमी करणारी गोळी घ्यायचा सल्ला ओळखीतून मिळतो. प्रोप्रॅनोलॉल हे त्या औषधाचं नाव. दम्याच्या रुग्णाला ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. बोलताना अडखळण्याचा त्रास लहानपणापासून असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा. तो नुसत्या धीटपणाचा प्रश्न नसतो.

खाली उतरल्यावर

त्याच रात्री रेकॉर्डिंग ऐकू नका. अंगातलं ॲड्रेनलिन उतरत असताना प्रत्येक चूक डोंगराएवढी वाटते. दुसऱ्या दिवशी एकदा ऐका आणि तीन गोष्टी लिहा: वेळ किती लागला, अडखळशब्द किती आले, लोक कुठे हसले किंवा शांत झाले. "छान बोललात" असं म्हणणाऱ्याला "कुठला भाग?" असं विचारा. तो काहीतरी नेमकं सांगेल, नाहीतर गडबडून चहाकडे वळेल. दोन्हींतून तुम्हाला माहिती मिळते.

कार्डं फेकू नका. तारीख टाकून एका पाकिटात ठेवा, पुढच्या परिचयाला त्यातली चार वाक्यं लागतात. आणि आयोजकांना दोन दिवसांत एक फोन करा. पुढच्या कार्यक्रमाची रूपरेषा बहुधा ठरत आलेली असते, आणि प्रास्ताविकापुढची जागा अजून रिकामी असते.